राखोलीच्या पुलाखालचं शेवाळ

गोड्या पाण्यातलं लाल शेवाळ बहुतेक वेळा लाल नसतंच. मी वनस्पतिशास्त्र शिकवते म्हणून मला हे ठाऊक. घरच्यांना कुठून असणार? सिल्वासाजवळ आम्ही राहतो तिथे, राखोलीच्या पुलाखाली, दमणगंगेतल्या दगडांवर काळपट हिरवे, बुळबुळीत झुबके सापडले आणि मी ते बरणीत घालून नाचतच घरी आले. नवरा म्हणाला, "अगं, हे तर आपल्या टाकीतही आहे!"

सूक्ष्मदर्शकाखाली मात्र मण्यांच्या माळेसारखे धागे दिसले. म्हणजे लाल शेवाळच; पण मण्यांची अशी ठेवण माझ्या एकाही पुस्तकात नव्हती. जात नवी असेल तर? या विचाराने माझी झोप उडाली. पुण्याच्या माझ्या मार्गदर्शक बाईंनी वाळवलेला नमुना मागवला. शेवाळ कागदावर पसरायचं, वर कापड घालायचं आणि रद्दीखाली दाबून ठेवायचं. कापडाला आमच्याकडे तोटा नाही. नवरा कापड रंगवणाऱ्या डाइंग युनिटमध्ये आहे, उरलेसुरले तुकडे तोच आणतो.

काही दिवसांनी रद्दी उचलली तर शेवाळ लालचुटूक! वाळताना आतला लाल रंग वर आला, असंच मला वाटलं. "आता म्हणा टाकीतलं!" मी नवऱ्याला सुनावलं आणि ऐटीत बाईंना फोटो पाठवून दिला. नवऱ्याने कागद उजेडात धरला, बोटाने चोळला आणि हसत खालीच बसला. "अगं, हा आमचा कच्चा लाल रंग. न धुतलेला तुकडा उचललास तू."

मला रडूच फुटलं. नमुना गेला, बाईंसमोर शोभाही झाली. शिवाय ऊन तापायला लागलं होतं, आणि पाणी कोमट झालं की हे शेवाळ दिसेनासं होतं. रविवारी नवरा स्वतःच पँट दुमडून नदीत उतरला. पुलावरून कुणीतरी विचारलं, "काय भाऊ, मोबाईल पडला का?"

"नाही हो, बायकोचं शेवाळ!"

बऱ्याच शोधाशोधीनंतर एका दगडाच्या सावलीत शेवटचा झुबका मिळाला. या खेपेला तो माझ्या जुन्या पांढऱ्या ओढणीखाली वाळला.

डीएनए तपासणी झाल्यावर बाईंचा फोन आला. "जात नवीच आहे गं. पहिल्यांदा जिथे सापडली ते मूळ ठिकाण कायमचं तिच्यासोबत लिहिलं जाईल. काय लिहू?"

इतकी वर्षं इथे राहूनही कुणी गाव विचारलं की आम्ही 'मूळचे नाशिकचे' असंच सांगतो. मी म्हटलं, "मूळ ठिकाण राखोली, सिल्वासा."

नवरा मागून ओरडला, "आणि लिहा म्हणावं, रंग हिरवा. पक्का!"