पालमची ओटी

मी सात वर्षांची असताना वडील घर सोडून गेले. त्यावर पुस्तक लिहायला घेतलं आणि शेवटच्या प्रकरणाशी गाडी अडली. ते का गेले, हेच मला ठाऊक नव्हतं. आई त्यावर कधी बोलली नाही; ते परभणीजवळ पालमला राहतात, एवढंच नातेवाइकांकडून कळलं होतं. अखेर बावन्नाव्या वर्षी वही पिशवीत टाकून पुण्याहून परभणीची गाडी पकडली. विचारायचं आणि परत फिरायचं, एवढाच बेत होता.

परभणीहून पालमच्या एसटीत उभीच होते. बाहेर काळी रानं, कापूस वेचणाऱ्या बाया. कंडक्टरनं विचारलं, "कुणाकडं जायलाव, ताई?"

"वडिलांकडं." शब्द तोंडात कसातरीच लागला.

"म्हंजी माहेराला! मग उभं कशाला?" त्यानं एका गड्याला उठवून मला बसवलं. माहेर कसलं! लबाडीनं मिळालेली जागा, पण मी सोडली नाही.

दार वडिलांच्या दुसऱ्या बायकोनं, गयाबाईंनी उघडलं. मी भांडणाच्या तयारीत, तर त्या म्हणाल्या, "आधी हातपाय धुवा. उपाशी पोटी भांडाय जमत न्हाई." भाकरी आणि येसर (भाजलेल्या धान्या-मसाल्याच्या पिठाची झणझणीत आमटी) समोर आली. रागानं भूक मरत नाही, हे कळलं. तीन भाकरी खाल्ल्या.

वडील समोर बसले होते. ऐंशीचे, खांद्यावर उपरणं.

"का गेलात?"

ते म्हणाले, "भ्यालो, माय. नोकरी गेली, तुझ्या आईला तोंड दाखवायची लाज वाटली. दोन दिसांनी परत जाऊ म्हणलं, मंग रोजच उद्या."

"आणि मी?"

"तू काय केलं हुतंस? काईच न्हाई."

मला रडू फुटलं आणि संतापही आला. पंचेचाळीस वर्षं मी स्वतःतच खोट शोधत होते.

निघताना गयाबाई सुपात गहू, खण, नारळ घेऊन आल्या. "लेक रिकामी जात न्हाई." पण मी जीन्समध्ये! पदर नाही, ओढणी नाही.

"आता वटी घालू कुठं, खिशात?" त्या म्हणाल्या आणि आम्ही दोघी हसत सुटलो. वडिलांनी खांद्यावरचं उपरणं काढून, माझ्याकडं न बघता, पुढं केलं. मी ते घेऊन दोन्ही हातांनी पसरलं.

परतीच्या गाडीत गहू मांडीवर आणि वही त्यावर. ओटी घेतली म्हणजे माफ केलं, असं गयाबाईंना वाटलं असेल तर वाटो. मी केलेलं नाही. पण शेवटचं प्रकरण लिहून झालं. पन्नास पानांचं होईल म्हणत होते, ते एका ओळीचं झालं: ते गेले, त्यात माझा काही दोष नव्हता.