गुरुवारचा फोन

माझे बाबा जुन्या सोफ्यांना नवं कापड चढवतात आणि बोलतात ते तोंडात खिळे धरून. चिमूटभर बारीक खिळे डाव्या गालात, जिभेनं एकेक पुढे सरकवायचा, हातोडी चालू, आणि त्यातच गिऱ्हाइकाशी गप्पा. "म्हंजे काय शाहेब, श्प्रिंग बशली ना तुमची!" गिऱ्हाइकाची पाठ वळली की मी तस्साच गाल फुगवून तेच वाक्य म्हणायचे. बाबा हसायचे, पण ओठ मिटून. खिळा पोटात जायची भीती. फोनवर परक्या माणसाशी बोलताना तर खिळे नसले तरी त्यांचा तो 'श' सुटत नाही. माझा आवाज मुळातच जाड. फोनवर लोक मला 'भाऊ' म्हणतात.

बाबांच्या दोन्ही किडन्या गेल्या तेव्हा आत्यानं स्वतःची एक दिली. आत्या बस डेपोत चौकशीच्या खिडकीत बसते आणि साऱ्या जगाशी त्या खिडकीतूनच बोलते. "देणार म्हटलं ना? देणार. पुढचा प्रश्न!" पण ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तिनं बाबांचं मनगट धरलं आणि इतक्या हळू आवाजात विचारलं, की त्या आवाजाची नक्कल मला आजही जमत नाही. "धाकट्या, पंचावन्न वर्षांची आहे रे माझी. चालेल ना?"

"ताई, जुन्या सागवानाची सर नव्या लाकडाला आहे का?" बाबा म्हणाले.

चालली. चांगली धावली. महिन्याभरानं बाबा घरी आले आणि आतल्या खोलीत त्यांचा मुक्काम पडला. तोंडाला मास्क, उकळलेलं पाणी, आठाच्या ठोक्याला गोळ्या, रोज सकाळी वजन आणि ताप. जुन्या सोफ्यांच्या धुळीमुळे दुकान बंद. बाहेरच्या माणसाला खोलीत मज्जाव. माणसं खिडकीखाली रस्त्यात उभी राहायची, मी खाली जाऊन त्यांना ऐकायचे आणि वर येऊन बाबांना ऐकवायचे. समोरचे रिटायर मास्तर तर रोजचेच. "वि-श्रां-ती घ्या म्हणावं. विश्रांतीसारखं औषध नाही. मी स्वतः नऊ वर्षं घेतोय!" बाबा टाक्यांवर हात दाबून म्हणायचे, "पुरे गं पोपटराव, पोट फुटेल. उधारीवरचं आहे."

आत्याही तिच्या घरी पडून होती. तिचा फोन ठरलेला. "काय म्हणतोय तुझ्या पोटातला माझा माणूस? नांदतोय ना नीट?"

"जावई म्हणून राहिलाय, ताई. नुसता ऐषारामात."

आणि दर गुरुवारी हॉस्पिटलच्या सिस्टरचा फोन. एका श्वासात चार प्रश्न: वजन-ताप-लघवी-सूज? ताप शंभरावर गेला किंवा वजन अचानक वाढलं, तर गुरुवारची वाट न बघता त्याच क्षणी कळवायचं, हे तिनं आम्हाला पाठ करून घेतलं होतं.

सातव्या आठवड्यात, बुधवारी, मी चहा घेऊन गेले तर बाबा भर उन्हाळ्यात मोजे घालत होते. मोज्याच्या वर घोट्याचं हाड दिसतच नव्हतं.

"बाबा, हे काय?"

"काही नाही. पाय लटकवून बसलो होतो."

"ताप?"

ते थर्मामीटर झटकत म्हणाले, "एकशे एक. आईला बोलू नकोस. रविवारी ताई येणार आहे. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच घराबाहेर पडतेय ती, मला बघायला. आणि मी हॉस्पिटलात? तिला वाटेल, तिचीच खराब निघाली. रविवार होऊन जाऊ दे. सोमवारी मी स्वतः फोन करतो."

आई साडेसातलाच कामाला गेलेली असायची. गुरुवारी दहाला फोन वाजला तेव्हा बाबांचे दात कडकड वाजत होते. शब्द फुटेना. त्यांनी फोन माझ्यापुढे धरला आणि फक्त बघितलं.

मी गाल फुगवला. "शिश्टर, वजन बाशष्ट. ताप नाही. शूज नाही. एकदम झकाश."

"आज आवाज खणखणीत आहे हो तुमचा!" सिस्टर म्हणाली.

खरं सांगते, फोन ठेवल्यावर मला अभिमान वाटला होता.

रविवारी आत्या आली. मास्क लावून दारातच खुर्ची टाकून बसली. बाबांनी गळ्यापर्यंत चादर ओढलेली. "एवढं काय गारठलायस रे म्हाताऱ्यासारखा?" ती म्हणाली, आणि डेपोतल्या गमती सांगत तासभर हसत, हसवत बसली. बाबा प्रत्येक गमतीला वेळेवर हसले. जाताना ती जिन्यात मला म्हणाली, "कार्टे, गाल भरले गं त्याचे!" तीही सूजच होती.

सोमवारी सकाळी लघवी बंद. हॉस्पिटलात दोन आठवडे भारी औषधं चढवली. किडनी काही परतली नाही. डॉक्टर म्हणाले, "शरीर परकी किडनी नाकारू लागलं, की एकेक दिवस मोलाचा असतो. गुरुवारी तुम्ही ताप नाही म्हणून सांगितलंत?"

"हो," बाबा म्हणाले. "मीच सांगितलं." माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही.

मग पुन्हा डायलिसिस, आठवड्यातून तीनदा. आणि आत्याला कोण सांगणार? आमच्या घरात वाईट बातमी नेहमी बेतून-कापूनच देतात. आई म्हणायची 'जरा अशक्तपणा' म्हणू या, बाबा म्हणायचे 'तपासण्या' म्हणू या. शेवटी आत्यानंच फोनवर विचारलं, "सोमवार, बुधवार, शुक्रवार फोन उचलत नाहीस. कुठे जातोस?" माणसं कुठे जातात ते ओळखणं हा तिचा धंदाच. दुसऱ्या दिवशी ती दारात.

"गेली?"

"गेली, ताई."

"मी इथे दात काढत बसले होते, तेव्हा?"

"तेव्हा जात होती. तुला वाटलं असतं, तुझीच..."

आत्या दारातल्या खुर्चीत टेकली. "पण खराब नव्हती ना रे?"

"नव्हती. सात आठवडे एका दिवसाची तक्रार नव्हती तिची."

"आत्या," मी म्हणाले, "फोनवर मी होते. बाबांच्या आवाजात."

"तू गप्प बस," बाबा ओरडले.

"तू गप्प बस," आत्या त्यांना म्हणाली, आणि माझ्याकडे वळली. "काय बोललीस? बोल. तस्संच."

मी बोलले. वजन, ताप, सूज, झकास. सगळं. आत्या डोळे मिटून ऐकत होती.

"मीसुद्धा फसले असते," ती म्हणाली.

मग उठून पलंगापाशी गेली आणि बाबांच्या सदऱ्यावरून, ओटीपोटाच्या उजव्या बाजूला, जिथे टाके आहेत तिथे, तळवा ठेवला.

"काढली का रे?"

"नाही. काढत नाहीत. आतच असते."

तिनं हात उचलला नाही.