सोनवणे सरांची सव्वा मूठ

सोनवणे सर कथा वाचता वाचता ऐन मोक्याला पुस्तक मिटायचे आणि विचारायचे, "बाहेर काय झालं ते वर्गातला पंखाही सांगेल. याच्या आत काय चाललंय, ते सांगा." मग कोणी बोलेपर्यंत खिडकीबाहेर बघत उभे. अमळनेरच्या कॉलेजात मराठी शिकवणाऱ्या या माणसाला मी कधी घाईत पाहिलं नाही.

मी मात्र जन्मजात घाईची. ऐंशीच्या दशकात बी.ए.ला असताना मी प्रत्येक कथेचा तक्ता करायचे: कथानक, पात्रे, संघर्ष. पट्टीने आखलेले रकाने, संघर्षाला लाल शाई. परीक्षा जवळ आली की मैत्रिणी हे तक्ते मागून न्यायच्या, त्यामुळे साहित्य आपल्याला कळतं असा माझा पक्का समज होता.

एकदा एक छोटीशी कथा होती. म्हातारा मुलाला निरोप द्यायला स्टँडवर येतो आणि गाडी लागायच्या आधीच घरी परत फिरतो. मी संघर्षाच्या रकान्यात लिहिलं, 'म्हातारा विरुद्ध उशिरा येणारी गाडी.' सरांनी ते वर्गात मोठ्यानं वाचलं. हसू ओसरल्यावर म्हणाले, "बये, तू स्टँडवर चौकशीच्या खिडकीत बस, लोकांचं भलं होईल. अगं, गाडी वेळेवर आली असती तर हा थांबला असता का?"

मी त्याच दिवशी चौथा रकाना आखला: आतला संघर्ष. त्यात काय लिहायचं, हे विचारायला श्रावणात, कानबाई देवीच्या रोटाच्या आदल्या दिवशी, सरांच्या घरी जाऊन थडकले. दुसऱ्याच्या घरी सणाची गडबड असते, हे माझ्या नियोजनात बसलं नव्हतं.

ओट्यावर रोटासाठी गहू काढणं चाललं होतं. आमच्याकडे घरातल्या एकेका पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू घेतात आणि त्याचे रोट, म्हणजे देवीच्या नैवेद्याच्या जाड पोळ्या, फक्त घरचेच खातात. काकू सूप धरून बसल्या होत्या, सर मूठ भरून पाटीत टाकत होते. त्यांची स्वतःची झाली, मुलांची झाली. काकू सूप खाली ठेवीनात.

"दिनूभाऊंची?" त्या म्हणाल्या.

दिनकर हे सरांचे धाकटे भाऊ, धुळ्याला राहायचे. शेताच्या बांधावरून त्यांनी सरांवर दावा लावला होता. तेव्हापासून त्यांचं येणं बंद होतं आणि त्यांच्या नावाचे गहूही.

"त्यानं वकील लावलाय," सर म्हणाले.

"मग वकिलाची मूठ कुठे मागतेय मी?"

सरांनी सुपात हात घातला आणि तो तिथंच राहिला. शहाण्या माणसानं अशा वेळी काढता पाय घेतला असता. मी पेनाचं टोपण काढलं. "सर, बांधाचा वाद म्हणजे बाहेरचा संघर्ष ना?"

काकूंनी माझ्याकडे जे पाहिलं, त्यासाठी रकाना आखायची मला अजून हिंमत झालेली नाही.

सर हातावरची नजर न काढता म्हणाले, "हो. आणि आतला हा. हात सुपात गेलाय, मूठ मिटत नाही."

मग ती मिटली.

दुसऱ्या दिवशीही मी हजर होतेच. रोट झाले तसा पुढचा पेच. दिनूभाऊंचा वाटा परक्याला देता येईना, टाकता येईना. काकूंनी तो फडक्यात बांधून सरांच्या हातात दिला. इथे काय तो माझा उपयोग झाला. धुळ्याच्या गाड्यांच्या वेळा मला पाठ होत्या.

पुढच्या तासानंतर मी सरांना गाठलंच. ते म्हणाले, "दार त्यानंच उघडलं. फडक्याकडे बघून म्हणाला, 'नाना, मनी मूठ कोनी लिधी?' म्हटलं, तुझी मूठ मीच लिधी. आत गेला आणि दोन ताटल्या घेऊन आला."

"आणि दाव्याचं काय ठरलं?"

"दाव्याचं कोण बोललं?"

खरोखरच दावा चालू राहिला. तारखेच्या दिवशी दिनूभाऊ धुळ्याहून यायचे, काकूंच्या हातचं पोटभर जेवायचे. मग दोघे भाऊ गप्पा मारत कोर्टापर्यंत चालत जायचे आणि आत गेल्यावर एकमेकांविरुद्ध उभे राहायचे. अवघडून जायचे ते वकील. मी सरांना सुचवलं, एका बैठकीत मुद्दे काढून हे मिटवता येईल. "तुला बोलवू हं," ते म्हणाले, आणि कधीच बोलावलं नाही.

नव्वदच्या दशकात सर गेले. मी तेव्हा जळगावला शाळेत शिकवत होते. वर्षश्राद्धाला गेले, तेव्हा काकूंकडून कळलं की दिनूभाऊंनी दावा काढून घेतलाय. ते ओट्यावर एकटेच बसले होते. मी जवळ जाऊन, सवयीनं, कारण विचारलं. मोजणी नव्यानं झाली का? एखादा जुना कागद निघाला का?

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. शिकलेली बाई असं का विचारते, हे त्यांना कळेना.

"आते कोनासंगे भांडू, बेटा?" ते म्हणाले.