वाहेद पेंटरचं सुखोई

माजलगावच्या मोंढ्यामागं वाहेद पेंटर उसाच्या ट्रॉल्या रंगवतो. मागच्या फाळक्यावर कुणी मोर काढायला सांगतं, कुणी वाघ. जो काहीच सांगत नाही, त्याच्या वाट्याला सुखोई येतं. पुढं झुकलेली मान, मागं उभी दोन शेपटं. एवढं देखणं विमान दुसरं न्हाई, असं तो बायकोला सांगायचा आणि गौसिया हसायची. ती जाऊन चार वर्षं झाली. लेक समिना पुण्यात असते.

पदक मिळालेल्या जवानांची पेपरातली कात्रणं त्यानं दुकानाच्या पत्र्यावर चिकटवली आहेत. यंदा हंगामाआधी शिरूर कासारचा एक माणूस ट्रॉली घेऊन आला आणि वाहेदनं त्याला कात्रणातल्या फोटोवरून ओळखलं. सेना मेडल मिळालेला आश्रुबा. वाहेद ब्रश ठेवून उभाच राहिला.

"साहेब, असं सुखोई काढतो, लोक थांबून बघतील."

आश्रुबानं मान हलवली. "इमान नको, चाचा. नुसतं आदिनाथ लिवा. माझ्या संगं होता. पदक मला मिळालं, त्यो आला न्हाई."

"कसा होता?"

"हे कुणी इचारलंच न्हाई कधी," म्हणत आश्रुबा स्टुलावर टेकला. मग दुपार कलेपर्यंत तो आदिनाथच्या घोरण्याबद्दल, त्याच्या गोडमिट्ट चहाबद्दल बोलत राहिला. बोलणं थांबू नये म्हणून वाहेद चार अक्षरं अगदी सावकाश भरत होता.

ट्रॉली गेल्यावर हे सगळं सांगायला त्यानं समिनाला फोन लावला.

"बाद में करती, अब्बा," ती म्हणाली.

फोन जरा वेळ हातातच राहिला. मग त्यानं पुढच्या ट्रॉलीचा गंज घासायला घेतला.