किटलीचं झाकण

जगात राग म्हणून जेवढा निर्माण झाला असेल त्यातला निम्मा एकट्या आमच्या थोरल्या साडूंच्या वाट्याला आला आहे, आणि उरलेला निम्मा त्यांच्यामुळे मला येतो. हे मी तीस वर्षं सांगतो आहे आणि माझी बायको तीस वर्षं एकच उत्तर देते, की तुम्हां दोघांना एका खोलीत बसवलं तर चूल पेटवायची गरज नाही. ती धाकटी बहीण आणि त्यांची बायको थोरली, म्हणून हा माणूस माझ्या नशिबी आला. नाहीतर मी रहिमतपूरच्या शाळेत विज्ञान शिकवणारा मास्तर आणि ते फौजेत गाड्या दुरुस्त करून हवालदार म्हणून परत आलेले आटपाडीकडच्या एका वाडीवरचे गृहस्थ. आमची गाठ पडायला दुसरं काही कारण नव्हतं.

पेन्शनीत आल्यावर लोक शेळ्या घेतात, देवळाच्या कमिटीत शिरतात. यांनी लिलावातून फौजेचीच एक जुनी पिकअप आणली. तिचा मूळचा हिरवा रंग आता सुकलेल्या मेथीसारखा झाला आहे. दरवाजा आतून उघडत नाही, बाहेरून बंद होत नाही. पण खरं दुखणं पाण्याचं. ही गाडी तापते. आटपाडीच्या उन्हात माणूस तापतो, दगड तापतो, मग ही तर लोखंडाची. चढ लागला की नाकातून वाफ सोडायची तिची सवय पाहून वाडीनं तिचं नाव किटली ठेवलं. साडूंच्या समोर ते नाव घ्यायची कोणाची छाती होत नाही. मी एकदा घेतलं होतं, तेव्हा ते माझ्याशी दिवाळीपासून होळीपर्यंत बोलले नाहीत.

त्यांच्या वाडीवर पाण्याची काय तऱ्हा ते सांगायला नको. बोरचं पाणी इतकं जड की डाळ शिजायला दुपार लागते. म्हणून त्यांच्या मुलानं घरी फिल्टर बसवून दिला. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा मला तांब्यातून बोरचं पाणी मिळालं आणि फिल्टरचं पाणी वस्त्रगाळ होऊन कॅनमध्ये भरलं जात होतं. ते कोणासाठी, असं मी विचारलं तर म्हणाले गाडीसाठी. बोरच्या पाण्यानं रेडिएटरच्या नळ्यांत क्षार धरतो. अक्का, म्हणजे त्यांची बायको, आतून म्हणाली की माणसाच्या पोटात धरत न्हाई वाटतं. त्यावर साडू शांतपणे म्हणाले, "मान्साला दुखलं तर वरडाय येतंय. ती बोलती का?" मला तेव्हाच इतका राग आला होता की मी तो तांब्या तसाच खाली ठेवला. तहान लागली म्हणून पुढं प्यालो, ते सोडा.

कोणाचीही गाडी तापली की ती त्यांच्या अंगणात येते. गॅरेज नाही, पाटी नाही. पण पंचक्रोशीतल्या सगळ्या जुन्या जीपा, टेम्पो, ट्रॅक्टर तिथे येऊन उभे राहतात, आणि साडू दिवसभर दुरुस्ती करतात आणि दिवसभर बोलणी देतात. एका हाताला पाना, दुसऱ्या हाताला शिवी. लोक निमूट ऐकून घेतात, कारण गाडी बरी होऊन जाते. तासगावकडच्या एका बागायतदारानं कोणाच्या तरी सल्ल्यानं इंजिनातला थर्मोस्टॅट काढून टाकला होता; आपल्याकडे कुठं बर्फ पडतो, म्हणून. थर्मोस्टॅट म्हणजे पाणी कधी सोडायचं, कधी अडवायचं ते ठरवणारी झडप. साडूंनी त्याला विचारलं, की घरात चोरी झाली म्हणून राखणदाराला हाकललास व्हय रं गड्या? तो बिचारा नवी झडप आणायला तिथूनच परत फिरला. गरम रेडिएटरचं झाकण उघडायला गेलेल्याच्या हातावर तर ते आधी फटका मारतात आणि मग कारण सांगतात. कवठे महांकाळच्या बाजारात त्यांनी एका अनोळखी माणसाला असाच फटका मारला. आधी तो मारामारीवर आला, मग झाकणाखालून फुसफुसणारी वाफ बघून गप्प झाला. तो माणूस दरवर्षी द्राक्षांची पेटी पाठवतो.

पण या सगळ्यावर कडी म्हणजे हळद. आमच्या या मुलखात हळद कशाला लावत नाहीत? बोट कापलं हळद, घसा बसला हळद, पाय मुरगळला हळद. त्याच न्यायानं रेडिएटर गळायला लागला की त्यातही मूठभर हळद. ती फुगते, भोकात जाऊन बसते आणि गळती थांबते, हे खरं आहे. साडूही ते नाकारत नाहीत. त्यांचं म्हणणं एवढंच, की हळदीला डोळे नाहीत. भोक कुठलं आणि नळी कुठली हे तिला कळत नाही. ती सगळ्याच नळ्या बुजवते आणि मग पुढच्या उन्हाळ्यात इंजिन जळतं. रेडिएटरमधून पिवळं पाणी निघालं की त्यांचा आवाज पाण्याच्या टाकीपर्यंत ऐकू जातो. "एक भोक बुजवायला घराची समदी दारं लिंपून घेतलीस," हे वाक्य तर वाडीतली शेंबडी पोरंसुद्धा खेळताना म्हणतात.

आता माझ्या मुलाच्या लग्नाचं सांगतो. आठवलं की अजून डोकं सणकतं.

सून कवठे महांकाळची. लग्न तिकडेच, आणि लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी आमच्याकडे मुलाला हळद. मुलाला लावून उरलेली उष्टी हळद मुलीकडे पोचवायची आणि मग ती मुलीला लागायची. व्याह्यांकडची रीत अशी कडक, की उष्टी हळद अंगाला लागेपर्यंत मुलीनं पाणीसुद्धा प्यायचं नाही. मे महिना. दुपारी दोनला हळद पोचवतो असा मी शब्द दिला होता आणि त्यासाठी जीप सांगितली होती. साडू हळदीच्या आदल्या रात्रीच किटली घेऊन हजर. म्हणाले, हळद माझ्या गाडीतनं जाईल. मी म्हटलं, जीप सांगितली आहे. ते सरळ जाऊन गाडीत बसले आणि जेवायला उठेनात. अक्का माझ्या बायकोकडे बघायला लागली आणि बायको माझ्याकडे. शेवटी मी जीपवाल्याला नको म्हणून सांगितलं. माझ्याच घरच्या लग्नात माझं चाललं नाही, याचा राग तेव्हापासून पोटात होता.

सकाळी मुलाची हळद झाली. साडू पंगतीला बसले होते आणि बायका गाडीत चढत होत्या. गाडीला हात लावायचा नाही असं ते दहा वेळा बजावून गेले होते. पण मी विज्ञानाचा मास्तर, मला पाणी बघता येत नाही की काय? मी बॉनेट उघडलं, झाकण काढलं, त्यांच्याच कॅनमधलं तांब्याभर पाणी ओतलं आणि झाकण लावलं. तेवढ्यात गुरुजींनी हाक मारली म्हणून गेलो. सांगण्यासारखं त्यात काही नव्हतं, म्हणून सांगितलंही नाही.

पुढं साडू, मधे मी आणि खिडकीशी माझी मुलगी, मांडीवर उष्ट्या हळदीचा पितळी डबा घेऊन. मागं ताडपत्रीखाली माझी बहीण आणि चार बायका गाणी म्हणत होत्या. विटं मागं पडलं आणि तासगावच्या अलीकडे, आजूबाजूला बाभळीशिवाय काही नाही अशा ठिकाणी काटा लाल रेघेवर गेला. बॉनेटमधून जी वाफ आली तिनं समोरचा रस्ताच दिसेना. गाणी थांबली.

साडूंनी कोणाला खाली उतरून जवळ येऊ दिलं नाही. गाडी निवेपर्यंत पाऊण तास गेला. तो पाऊण तास मी बोलत होतो. काय काय बोललो ते सगळं लिहिणार नाही. हवालदारकी काढली, लिलाव काढला, तुमचा फाजील अभिमान काढला. व्याह्यांना फोन लावला तर ते म्हणाले गाडी पाठवतो, पण यायला-जायला दीड तास लागेल. आणि मग हळूच म्हणाले, की पोरीला चक्कर आल्यासारखं होतंय, पण ती पाणी घेत नाही. ते ऐकून माझा उरलासुरला तोल गेला. बहिणीसमोर, मुलीसमोर, त्या चार बायकांसमोर मी त्यांना म्हणालो, "तुमच्या या किटलीपायी माझ्या सुनेचं काही बरंवाईट झालं तर पुन्हा माझ्या दारात पाऊल ठेवू नका."

साडू फडक्यानं झाकण काढत होते. झाकण काढून त्यांनी ते बराच वेळ हातात फिरवून बघितलं, मग एकदा माझ्याकडे बघितलं आणि ते खिशात घातलं. खाली वाकले. तापून तापून रेडिएटरच्या बुडाला झाळून दिलेला जुना डाग उकलला होता आणि थेंब थेंब गळत होतं. कॅन होते, पण ओतलेलं पाणी तासगावपर्यंतही टिकलं नसतं. ते उठले, खिडकीशी आले आणि माझ्या मुलीपुढं हात केला.

"दे बाळा डबा. गाडी पिऊ दे काय बी. पोरगी तानंली बसलीया."

मुलगी डबा सोडेना. तेव्हा माझी बहीण मागून उतरून आली आणि म्हणाली, उष्टी हळद बोटभर असली तरी चालते, तिकडच्या हळदीत मिसळायचीच असते. बोटभर हळद डब्यात ठेवून बाकीची साडूंनी आपल्या हातानं, पाण्यात कालवून, रेडिएटरमध्ये घातली. ज्या माणसानं आयुष्यभर त्या एका गोष्टीसाठी लोकांचे बाप काढले, त्यानं. कोपरापर्यंत हात पिवळे झाले होते. खिशातलं झाकण काढलं, दोन्ही हातांनी दाबून लावलं आणि गाडी चालू केली. गळती थांबली. पुढचा सगळा रस्ता ते एक अक्षर बोलले नाहीत आणि मला वाटलं, बरी खोड मोडली.

आम्ही साडेतीनला पोचलो. हळद लागली, सून पाणी प्याली, सगळं झालं. साडू मांडवात आले नाहीत, गाडीपाशीच उभे राहिले. त्यांचे पिवळे हात बघून व्याह्यांकडच्या कोणीतरी नवरदेव तुमीच काय म्हणून चेष्टा केली, तर त्यांनी हात पाठीमागं घेतले.

त्यानंतर वर्षभर मी त्यांच्याकडे गेलो नाही. राग होता. बायको एकटी जाऊन यायची आणि सांगायची, की रेडिएटर खाली उतरवून ते एकेक नळी सळीनं साफ करताहेत, पिवळं निघायचं थांबत नाही. मी म्हणायचो, निघू दे. मग गेल्या महिन्यात अक्काचा फोन आला. म्हणाली, आवं मास्तर, हे वरडायचं बंद झाल्यात. गाड्या येतात, हळदीचं पाणी निघतं, आणि हे गप धुवून देतात. लोकांना चुकल्यासारखं वाटतंय आणि मला घर खायाला उठतंय. आमची सून म्हणाली, ज्या गाडीतून माझी हळद आली ती मला बघायची आहे. म्हणून गेलो.

अंगणात एक टेम्पोवाला आला होता आणि साडू त्याला हलक्या आवाजात झाकण कसं लावायचं ते दाखवत होते. झाकणाला दोन खाचा असतात. पहिल्या खाचेत गेलं की बसल्यासारखं वाटतं, पण बसलेलं नसतं. तसंच गाडी पळवली तर पाणी उकळून सगळं बाहेर जातं. दाबून दुसऱ्या खाचेत न्यावं लागतं. मी ऐकत होतो आणि माझ्या डोळ्यांसमोर तो तांब्या आला, गुरुजींची हाक आली. विज्ञान शिकवण्यात उभा जन्म गेला आणि एक झाकण मला लावता आलं नव्हतं.

टेम्पोवाला गेल्यावर मी विचारलं, तुम्हाला कधी कळलं?

"तितंच. ईट्याच्या फुडं."

"मग बोलला का नाहीत? मी तुम्हाला चारचौघांत नाही नाही ते बोललो."

त्यांनी फडक्याला हात पुसले. "तुमी त्या दिशी पोराचं बाप हुतासा. लेक बघत हुती, भन बघत हुती. मी काय, रोजच वरडतोय. एक दिस न्हाई वरडलो."

मला रडू यायला हवं होतं, पण मला आला राग. मी म्हटलं, तो दिवस झाला, आता का गप्प आहात? तर म्हणाले, हळद माझ्या हातानं पडली, आता मी कुनाला कुठल्या तोंडानं बोलू. मग मी खरंच भडकलो. म्हटलं, हळदीचं राहू दे, झाकण तर मी अर्धवट लावलं, त्याचं तरी बोला. वर्षभर तुमच्यावर राग धरून बसलोय, त्याचं बोला. किटलीचं बॉनेट त्यांनी वर केलं आणि झाकण काढून माझ्या हातात दिलं. कोणालाही हात लावू न देणाऱ्या माणसानं दिलं म्हणून मी जपून लावायला गेलो आणि ते पुन्हा पहिल्याच खाचेत अडकलं.

"आवं, दाबा की जरा," साडू म्हणाले, आणि मग आवाज चढला, "मास्तर हाय का कोन हाय, जेवला न्हाईसा व्हय सकाळपास्नं?"

आत भांडी वाजायची थांबली. अक्का दारात येऊन उभी राहिली, तिच्या मागं माझी सून. साडूंनी माझ्या हातावर आपला हात ठेवला आणि दाबला. त्या मनगटात आता फारसा जोर उरलेला नव्हता, हे माझ्या हाताला कळलं. त्यांच्या हाताखालून मी माझा सगळा जोर लावला, झाकण दुसऱ्या खाचेत बसलं, आणि मी म्हटलं, तुम्ही दाबलंत म्हणून बसलं.