वेलांटी पहिली का दुसरी

नवरा गेल्यावर मी धुळ्याला शिकून मास्तरीण झाले आणि तळोद्याच्या मुलींच्या शाळेत लागले. तीन वर्षांची लेक कळसाडीला भावाकडे ठेवली. मी दिवसभर शाळेत, खोलीवर तिला कोणाच्या भरवशावर सोडणार? वहिनी पोरीला जीव लावायची आणि मला धास्ती त्याचीच होती. पोर मला विसरली तर?

शाळेच्या खिडकीखालून कापसाच्या गाड्या जात. मन बरं असलं की बैलांच्या घुंगरांनी मला आठवडी बाजार आठवे, कोवळी वांगी, नवी लुगडी. पण जीव उदास असला की तेच घुंगरू मला सरळ कळसाडीच्या अंगणात नेऊन सोडत. त्या हिवाळ्यात तो बहुतेक उदासच होता. एरवी वर्गात मी भलती खमकी, एखाद्या पोरीनं जांभई दिली तरी छडी आपटायची. माझं स्वतःचं ध्यान मात्र गाड्यांमागं!

एका सकाळी मी शुद्धलेखन सांगत होते. ‘सरकी पेरण्याआधी शेणकाल्यात चोळतात.’ तेवढ्यात खालून गाडी गेली. भानावर आले तर वर्ग चिडीचूप, सगळ्या माना पाट्यांवर. पुढच्या रांगेतली मारवाड्याची मुलगी उठली.

“बाई, ‘जेवनी’ला वेलांटी पहिली का दुसरी?”

मी तिची पाटी हातात घेतली. सरकीच्या वाक्याखाली तिनं लिहिलं होतं, ‘जेवनी का व माय?’ जेवलीस का गं बाळ, असं आमच्या घरी लेकीला विचारतात तसं. वर्गात कुणी ही घरची बोली काढली तर मीच ओरडायची. आज तेच माझ्या तोंडून गेलं होतं, आणि बाकीच्या पोरींनी तर काही न विचारता लिहून टाकलं होतं. एकही हसली नाही.

“दुसरी,” मी म्हणाले आणि फळ्याकडं तोंड केलं. डोळे इतके भरले होते की फळा दिसेना.

रविवारी पहाटेच भाड्याची गाडी जुंपायला लावली. वाटभर एकच ठरवत होते. पोरीला घेऊनच यायचं, वर्गात शेवटच्या रांगेत बसवायचं, मग मोठ्या बाई काय बोलायचं ते बोलोत.

दुपारी पोचले तेव्हा लेक अंगणात भातुकली मांडून बसली होती. सहा महिन्यांत चांगली उंच झाली होती. मी हाक मारली. तिनं मला निरखून पाहिलं आणि धावत घरात जाऊन वहिनीचा पदर ओढला.

“माय, देख ना व, कोन उनं शे!”

कोण आलंय ते पाहायला वहिनी दारात आली. मला पाहून ती कानकोंडी झाली. “ती तुन्ही माय शे ना व,” म्हणत तिनं पोरीला पुढं ढकललं. पोर तिलाच घट्ट बिलगली.

मागून गाडीवाला विचारत होता, “बाई, बैल सोडू का?”