वनमालाबाईंची पेज

वनमाला परब यांनी भांडुपच्या शाळेत सत्तावीस वर्षं पाढे शिकवले. मापात कोणी त्यांची चूक काढलेली त्यांना खपत नसे. डायलिसिसचं हे सहावं वर्ष. सोमवार, बुधवार, शुक्रवार मुलुंडच्या सेंटरवर चार-चार तास. पाणी दिवसाला पाऊण लिटर. ते सकाळीच बाटलीत भरून घोटाघोटाने पुरवायचं. सून मानसीने चहा दिला की बाई तेवढं पाणी बाटलीतून ओतून टाकत.

तरी दोन महिने दर सोमवारी काट्यावर साडेतीन-चार किलो जास्त भरत होते. आडवं पडलं की धाप लागे. टूडी इको झाला. डॉक्टर म्हणाले, लघवी होत नाही, त्यामुळे प्यालेलं सगळं अंगातच राहतं आणि तो भार ओढून हृदयाची भिंत जाड झालीय. शुक्रवार ते सोमवार हा पल्ला त्याला झेपत नाही. महिनाभरात आकडा अडीचच्या आत आला नाही, तर रविवारीही यायचं.

बाईंना इकोपेक्षा रविवार जास्त लागला. रविवारी त्या स्वतः कल्ले उचकून मासळी घेत. मानसीला शिळा बांगडाही ताजा वाटे.

पुढच्या खेपेला मशीन लावताना टेक्निशियन सिद्धेशने दिवसभराचं खाणं विचारलं. तो कणकवलीकडचा. बाईंनी बाटलीपासून सुरुवात केली. तो म्हणाला, बाटली राहू दे, सकाळी काय घेता?

"पेज. वाडगाभर. सुट्टीच्या दिवशी दोनदा."

"ती पाण्यात धरता?"

बाई उशीवरून उठायच्याच बाकी होत्या. "पेज काय पाणी रे मेल्या? ता जेवाण असा."

"माझी आयपण असाच म्हणता. पण काकी, हृदयाक ता कळणा नाय."

घरी गेल्यावर त्यांनी वाडगा पाण्याने भरून मापला. अर्धा लिटर.

पेजेची जागा मोकळ्या भाताने घेतली. विटा गिळतेय, असं त्या आठवडाभर घरात सगळ्यांना ऐकवत होत्या. चौथ्या सोमवारी काटा दोन किलो तीनशेवर थांबला. डॉक्टरांनी बजावलं की हृदय लगेच सुधारत नाही, सहा महिन्यांनी पुन्हा इको. पण रविवारचं तूर्त रद्द. ते आणखी काही सांगत होते. बाई मानसीकडे वळल्या होत्या.

"रविवारी तू झोप गं. मासळीला मी जाते."